लोकशिक्षण, विद्यापीठ आणि कोप्पीकर रोड : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

हुबळीचा कोप्पीकर रोड हा बाजाराचा रस्ता आहे. कापडाची, भांड्यांची, विजेच्या सामानाची दुकाने आणि त्यांच्यामध्येच पुस्तकांची दुकाने व छापखाने असे या रस्त्याचे रूप आहे. याच रस्त्यावर 'संयुक्त कर्नाटक' या कन्नड दैनिकाचे कार्यालय आहे. हे दैनिक चालविणाऱ्या संस्थेचे नाव 'लोकशिक्षण ट्रस्ट' असे आहे. हे नाव मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. टिळक-आगरकरांच्या काळापासून हा शब्द आपल्या परिचयाचा आहे.

मात्र या नावातील 'शिक्षण' हे खरोखर शिक्षण आहे काय, असा प्रश्न एकदा थेट सर्वोच्च न्यायालयासमोर उभा राहिला होता. शाळा, वर्ग, परीक्षा यांच्याबाहेर सामान्य माणसाला जे ज्ञान मिळते, त्याला शिक्षण म्हणावे की नाही? आणि म्हणावयाचे असेल तर त्यात विद्यापीठाचा वाटा कोणता? धारवाड परिसर, महाराष्ट्र आणि उर्दू जग या तिन्हींच्या इतिहासातून या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

एक खटला आणि एक व्याख्या

रं. रा. दिवाकर (१८९४-१९९०) हे स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार आणि पुढे केंद्रीय मंत्री व बिहारचे राज्यपाल झालेले गृहस्थ. १९२१ साली धारवाडहून 'कर्मवीर' साप्ताहिक सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९३०च्या दशकात लोकशिक्षण ट्रस्ट स्थापन झाला. सर्वसामान्य जनतेला, विशेषतः कर्नाटकातील जनतेला शिक्षित करणे आणि त्यासाठी वाचनालये, ग्रंथालये, छापखाने चालविणे, पुस्तके व नियतकालिके प्रसिद्ध करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. पुढे १९५६ साली याच संस्थेने 'कस्तुरी' हे मासिक सुरू केले. विज्ञान, इतिहास, भाषा, प्रवास या विषयांवरील सोप्या लेखांमुळे आणि पा. वें. आचार्य यांच्या संपादनामुळे ते घरोघरी पोहोचले.

आयकर खात्याने या ट्रस्टच्या उत्पन्नावर कर मागितला. १९६१च्या आयकर कायद्यातील कलम २(१५) मध्ये धर्मादाय हेतूची व्याख्या होती. गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयुक्ततेचा अन्य कोणताही हेतू, असे चार प्रकार तीत होते. यांपैकी चौथ्या प्रकाराला 'नफ्यासाठी चालणारा उद्योग त्यात नसावा' अशी अट होती. वर्तमानपत्रातून व मासिकातून आपण लोकांना शिक्षणच देतो, म्हणून आपण दुसऱ्या प्रकारात येतो, असे ट्रस्टचे म्हणणे होते.

१९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे अमान्य केले. न्या. एच. आर. खन्ना यांचे विवेचन वाचण्यासारखे आहे. व्यापक अर्थाने पाहिले तर प्रवासातूनही माणूस शिकतो, वस्तुसंग्रहालय पाहूनही शिकतो, इतकेच काय, खिसा कापला गेला तरी शहाणा होतो. परंतु कायद्यातील 'शिक्षण' या शब्दाचा अर्थ एवढा मोठा नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. कायद्याच्या दृष्टीने शिक्षण म्हणजे पद्धतशीर अध्यापन. त्यात विद्यार्थ्याचे ज्ञान, कौशल्य, मन आणि चारित्र्य घडविण्याची शालेय प्रक्रिया अभिप्रेत आहे. म्हणून वर्तमानपत्र चौथ्या प्रकारात ढकलले गेले आणि नफ्याच्या अटीमुळे करसवलत नाकारली गेली.

या निर्णयातील नफ्याविषयीची भूमिका पुढे बदलली. १९७९ सालच्या सुरतच्या कापड उत्पादक संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'मुख्य हेतू कोणता' ही कसोटी स्वीकारली आणि १९८३ सालच्या दुरुस्तीने ते शब्दच कायद्यातून काढून टाकण्यात आले. नंतर अन्य स्वरूपात तशी बंधने परत आली, हा भाग वेगळा. 'शिक्षण' या शब्दाची १९७५ सालची व्याख्या मात्र टिकली. २०२२ साली न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीच पुन्हा उचलून धरली. कोप्पीकर रोडवरील एका संस्थेच्या नावावरून निघालेला वाद आजही देशातील शिक्षणसंस्थांना लागू होतो, ही बाब या शहरातही फारशी कोणाला ठाऊक नाही.

कर आकारणीपुरती ही व्याख्या योग्यच आहे, असे आमचे मत आहे. अन्यथा कोणतेही वर्तमानपत्र स्वतःला शाळा म्हणवून घेईल. खरी अडचण पुढेच आहे. करखात्याची व्याख्या विद्यापीठांनीही नकळत आपली म्हणून स्वीकारली, तर भिंतीबाहेरच्या माणसाशी आपले काही देणेघेणे नाही, असा त्यांचा समज होईल. इतिहास याच्या नेमका उलट आहे.

आधी लोक, मग विद्यापीठ

हुबळीहून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या धारवाडकडे पाहिले की हे स्पष्ट होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. परंतु त्याच्या कक्षेतील धारवाडला सहा दशके महाविद्यालय नव्हते. उच्च शिक्षणासाठी येथील मुले पुण्याला किंवा मुंबईला जात. अशा काळात, २० जुलै १८९० रोजी, रा. ह. देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी धारवाडमध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन केला. मुंबई इलाख्याच्या या भागात शाळा व कचेऱ्यांवर मराठीचा पगडा होता आणि कन्नड पुस्तकांची टंचाई होती. ती दूर करावी, ग्रंथांना उत्तेजन द्यावे, हा या संघाचा हेतू होता. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि टिळकांच्या 'गीतारहस्या'चे कन्नड भाषांतर करणारे आलूर वेंकटराव यांनी १९१४ साली इतिहास संशोधनासाठी मंडळ काढले. यांपैकी कोणतीही संस्था विद्यापीठाने काढलेली नव्हती.

१९१७ साली धारवाडला कर्नाटक महाविद्यालय सुरू झाले ते रोद्द श्रीनिवासराव, अरटाळ रुद्रगौडा यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी लोकवर्गणीसाठी केलेल्या खटपटीमुळे. रेल्वे कंपनीच्या कचेरीची जुनी इमारत या महाविद्यालयाला मिळाली. त्यानंतर १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ मुंबईत स्थापन झाले आणि १९५० साली ते धारवाडला आले. धारवाड, बेळगाव, विजापूर आणि कारवार हे जिल्हे त्याच्या कक्षेत होते. म्हणजे कन्नड, मराठी, उर्दू, कोकणी बोलणारी घरे त्यात होती. थोडक्यात, या भागात विद्यापीठाने लोकांना बोलावले नाही, तर लोकांनीच साठ वर्षे खपून विद्यापीठाला बोलावून आणले. 'लोकांचा सहभाग' हा विषय चर्चेला घेताना हा क्रम विसरता कामा नये.

श्रोता आणि वाचक

विद्यापीठाने आपल्या आवाराबाहेर जाऊन शिकवावे, ही कल्पना आधुनिक काळात इंग्लंडमध्ये रुजली. १८७३ साली जेम्स स्टुअर्ट यांच्या प्रयत्नाने केंब्रिज विद्यापीठाने कामगार व स्त्रियांसाठी गावोगाव व्याख्याने सुरू केली. आपल्याकडे हे काम पाठोपाठच सुरू झाले; मात्र ते विद्यापीठाने केले नाही. १८७५ साली न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. रानडे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होते. विद्यापीठाचे ज्ञान घेऊन पदवीधर लोकांत गेला, विद्यापीठ मात्र जागेवरच राहिले.

उर्दू जगातही असेच घडले. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ साली गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, तीच पुढे अलीगढला गेली आणि १८६६ पासून तिचे नियतकालिक उर्दू व इंग्रजी अशा दोन भाषांत निघू लागले. त्यांचे महाविद्यालय निघाले १८७५ साली. म्हणजे भाषांतरे, व्याख्याने, नियतकालिक आधी आणि महाविद्यालय नंतर. १९२० साली स्थापन झालेली जामिया मिल्लिया इस्लामिया सरकारी मदतीशिवाय जगली ती लोकांच्या लहान लहान देणग्यांवर. १९३८ साली शफीकुर्रहमान किदवई यांनी जामियात प्रौढ शिक्षणाचा स्वतंत्र विभाग, 'इदारा-ए-तालीम-ओ-तरक्की', उभा केला. ज्यांच्या चार-आठ आण्यांवर संस्था चालते त्यांनाही तिथे काही शिकावयास मिळाले पाहिजे, हा विचार त्यामागे दिसतो.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांनी हे काम आपल्या कक्षेत आणले. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर यांच्या नावाने व्याख्यानमाला चालविली आणि प्राध्यापकांना लहान गावांतील श्रोत्यांपुढे उभे केले. म्हैसूर विद्यापीठाने १९३०च्या दशकातच प्रचार व्याख्याने आणि त्यांच्या स्वस्त पुस्तिका सुरू केल्या होत्या. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने तोच मार्ग धरला. त्याच्या प्रकाशन विभागाचे नाव 'प्रसारांग' असे आहे आणि त्याच्या व्याख्यान-पुस्तिकांच्या मालेला 'उपन्यास ग्रंथमाला' म्हणतात. हिंदीत उपन्यास म्हणजे कादंबरी, कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान. प्राध्यापकाने गावात बोलावे, तेच थोडक्यात छापावे आणि सामान्य वाचकाला परवडेल अशा किमतीत द्यावे, असा हा सरळ व्यवहार होता.

या सर्व उपक्रमांचे मोल मोठे आहे. परंतु त्यांत एक उणीव आहे. त्यांत बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक अशी व्यवस्था कायम राहते. श्रोता टाळ्या वाजवितो, आभार मानतो आणि घरी जातो. त्याच्याजवळही काही ज्ञान असू शकते, हे या व्यवस्थेत गृहीत धरलेले नसते.

कागद देणारे, कापूस पिकविणारे

संशोधनाचा इतिहास पाहिला तर मात्र सामान्य माणूस पदोपदी भेटतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांतील कागद वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांत आणि दप्तरांत पडलेले होते. राजवाडे गावोगाव पायपीट करीत गेले आणि लोकांनी ते त्यांच्या स्वाधीन केले. १९१० साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच पायावर उभे राहिले.

मौलवी अब्दुल हक यांचे उदाहरण आमच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. अंजुमन तरक्की-ए-उर्दूची सूत्रे हाती आल्यावर त्यांनी तिचे कार्यालय औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आणले. १९२१ साली तेथूनच 'उर्दू' हे त्रैमासिक सुरू झाले. त्यांनी दखनी भाषेतील जुनी हस्तलिखिते शोधून काढली. वजहीचा 'सबरस' हा १६३५ सालचा गद्यग्रंथ त्यांनी १९३२ साली संपादित करून प्रसिद्ध केला. विजापूरच्या आदिलशाही दरबारचा कवी नुसरती याच्यावरही त्यांनी लिहिले. उर्दू साहित्याचा इतिहास दिल्ली-लखनौच्या आधी दक्षिणेत सुरू होतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. ही हस्तलिखिते कोणी तरी पिढ्यान्‌पिढ्या कापडात गुंडाळून जपली नसती तर संशोधकाला काय सापडले असते? आपल्या धारवाडमध्येही १९३९ साली मुंबई सरकारने कन्नड संशोधन संस्था स्थापन केली, ती पुढे कर्नाटक विद्यापीठात आली. तेथील ताडपत्रे व ताम्रपट यांच्यामागेही अशीच घरे आणि असेच मठ आहेत.

मानव्यविद्यांपुरतीच ही गोष्ट मर्यादित नाही. हुबळी ही कापसाची जुनी पेठ. १९७२ साली धारवाडच्या कृषी संशोधन केंद्रात डॉ. बी. एच. कटारकी यांनी 'वरलक्ष्मी' हे कापसाचे संकरित वाण तयार केले. 'लक्ष्मी' या परिचित वाणाचा दुसऱ्याच प्रजातीच्या लांब धाग्याच्या कापसाशी त्यात संकर केलेला होता. १९८१ साली त्यांचेच 'डीसीएच-३२' हे वाण आले. संकरित बियाण्याची अडचण अशी की ते दरवर्षी नव्याने तयार करावे लागते. संध्याकाळी मादी झाडावरील कळी उघडून तिच्यातील पुंकेसर हाताने काढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलातील पराग तिच्यावर लावावयाचे. एकेका फुलाला असे दोनदा हात लावावा लागतो. शास्त्रज्ञाने एका प्रक्षेत्रावर केलेली क्रिया हजारो शेतांतून शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी, विशेषतः स्त्रियांनी, शिकून घेतली. या कामात पुढे लहान मुलींनाही जुंपले गेले, ही त्याची काळी बाजूही नोंदविली पाहिजे. विद्यापीठाची प्रयोगशाळा आणि शेत यांच्यामध्ये येथे भिंत नव्हती. आणि वाणाच्या इतिहासात त्या हातांची नोंदही नाही.

१९८६ साली धारवाडला स्वतंत्र कृषिविज्ञान विद्यापीठ झाले. त्याचा कृषिमेळा साधारणपणे सप्टेंबरमध्ये भरतो आणि उत्तर कर्नाटकातून लाखोंच्या संख्येने शेतकरी तेथे येतात. तो नुसता भाषणे ऐकण्यासाठी येत नाही. तो उभे पीक पाहतो, बियाणे विकत घेतो, 'आमच्याकडे हे वाण का बसले' असे शास्त्रज्ञाला तोंडावर विचारतो. विद्यापीठाला प्रश्न विचारणारा श्रोता आम्हांला तेथे दिसतो. इतिहासाच्या किंवा साहित्याच्या परिसंवादात तो क्वचितच दिसतो.

धोरण आणि व्यवहार

शासकीय धोरणात हा विचार आला नाही असे नाही. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. १९७७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य ही विद्यापीठाची तिसरी जबाबदारी आहे आणि तिला समान दर्जा मिळाला पाहिजे, असे स्पष्ट केले. २०१४ साली उन्नत भारत अभियान सुरू झाले आणि उच्च शिक्षणसंस्थांनी गावे दत्तक घ्यावीत, असे ठरले. 'दत्तक' हा शब्दच बोलका आहे. दत्तक घेणारा पालक आणि दत्तक जाणारे गाव हे मूल! धारवाडचा इतिहास पाहता कोणी कोणाला दत्तक घेतले होते, हा प्रश्न पडतो.

व्यवहारात विस्तारकार्य म्हणजे एक शिबिर, एक छायाचित्र आणि एक अहवाल असे स्वरूप अनेक ठिकाणी आले आहे. अध्यापक म्हणून आम्हीही या दोषातून मुक्त नाही.

काही वर्षांपूर्वीचा एक अनुभव येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. हुबळीतील एका वृद्ध व्यापारी गृहस्थांकडे जुन्या मोडी व फारसी कागदांचे गाठोडे आहे, असे एका विद्यार्थिनीकडून कळले. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. चहा झाला, घरच्यांची चौकशी झाली. कागदांचा विषय काढताच मात्र ते गप्प झाले. मग म्हणाले, "सर, तुमच्या आधी एक साहेब येऊन गेले. अर्धे गाठोडे घेऊन गेले. वाचून परत देतो म्हणाले. माझे वडील वारले, पण कागद आले नाहीत. त्यांत काय लिहिले होते तेवढे तरी कोणी सांगावयाचे होते." विद्यार्थिनी म्हणाली, "चाचा, आम्ही कागद नेत नाही. इथेच बसून वाचतो आणि तुम्हांला सांगतो." त्या दिवशी त्यांनी एकच कागद दाखविला. जमिनीच्या वहिवाटीचा तो साधा कागद होता. इतिहासाच्या दृष्टीने फार मोठा नव्हता. पण त्यात त्यांच्या पणजोबांचे नाव होते. ते नाव आम्ही मोठ्याने वाचले तेव्हा त्यांनी आतून नातवंडांना हाक मारून बोलावून घेतले. पुढच्या खेपेस उरलेले गाठोडे त्यांनी स्वतः उघडले.

या प्रसंगाने आम्हांला जे शिकविले ते पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात सापडले नव्हते. लोक ज्ञान देण्यास तयार असतात. दिलेल्याचे पुढे काय झाले हे त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून ते हात आखडता घेतात.

समारोप

अरबीतून आलेला 'तालीम' हा शब्द उर्दूत शिक्षणासाठी रूढ आहे. मराठीत तोच शब्द आखाड्यासाठी आणि नाटकाच्या सरावासाठी वापरतात. तालमीत वस्ताद असतो, शिस्त असते, पद्धत असते. पण नुसते पाहणारा कोणी पैलवान होत नाही. प्रत्येकाला मातीत उतरावे लागते. न्यायालयाला अभिप्रेत असलेले पद्धतशीर अध्यापन आणि लोकशिक्षण ट्रस्टला अभिप्रेत असलेले जनतेचे शिक्षण, हे दोन्ही अर्थ या एका शब्दात नांदतात.

तेव्हा लोकसहभाग म्हणजे विद्यापीठाने लोकांवर केलेला उपकार नव्हे. ती जुन्या देण्याची परतफेड आहे. ती करण्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या संस्थांतील भाषा व इतिहास विभागांनी तीन साध्या गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. पहिली, विद्यार्थ्यांच्या घरांतील मोडी, फारसी, दखनी व जुन्या मराठी कागदांची नोंदवही ठेवावी आणि मूळ कागद मालकाच्या घरीच राहू द्यावेत. भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेणे आता कोणालाही जमते. दुसरी, वाचलेल्या प्रत्येक कागदाचा सारांश कागद देणाऱ्याला त्याच्या भाषेत लिहून द्यावा. तिसरी, प्रबंध किंवा लेख प्रसिद्ध करताना, त्याची संमती असल्यास, मार्गदर्शकाच्या नावाबरोबर त्याचेही नाव छापावे.

मोडी आणि फारसी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. घरे पाडून नवी बांधली जात आहेत आणि माळ्यांवरची गाठोडी रद्दीच्या दुकानात जात आहेत. कोप्पीकर रोडवरच्या त्या संस्थेच्या नावातील 'लोकशिक्षण' या शब्दाचा अर्थ लोकांना शिकविणे असा आपण आजवर घेत आलो. लोकांकडून शिकणे हाही त्याचा अर्थ आहे, आणि तो अमलात आणण्यासाठी आपल्या हाती फार वर्षे उरलेली नाहीत.